वॉर्ड तीनचं घड्याळ

आमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बावीस वर्षं फायली लावते आहे. पण आधी एक्स-रे काढून मग दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकणारा पेशंट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे कागदावर पाहिला. भरती चार वाजता, एक्स-रे तीन पन्नासला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग अशा फायली शोधायचा नादच लागला आणि दुपारपर्यंत अकरा सापडल्या. एक बाई तर बाळंत होऊन, बाळाचं वजन करून, मग सावकाश भरती झाल्या होत्या.

तडक आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

"मॅडम, नवी मशिनं आपली वेळ आपण लावून घेतात," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या खोलीतलं, लॅबमधलं, ऑपरेशन थिएटरमधलं. जुनी चार आहेत, ती हातानं लावावी लागतात. सवड झाली की लावतो."

"आणि शेवटची सवड कधी झाली होती?"

त्यानं छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाला, "नवी मशिनं येणारच आहेत." हे वाक्य मी सहा वर्षं ऐकते आहे.

डोक्यात राख घालून घरी आले. माझा स्वभावच तसा, चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत जेवण गोड लागत नाही. घरी सासरे होते. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं होतील. डोळे आता अधू आहेत, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात फोन वाजला की कुठल्या कंपनीचा ते सांगतात. त्यांना सगळं सांगितलं.

"मग वेळ विचारायची," ते म्हणाले. "आमच्या एक्स्चेंजमध्ये एक नंबर होता. फिरवला की एक बाई वेळ सांगायची. संगणकांसाठीही अशी कुणी बाई असेलच की जगात."

शोधलं, तर खरंच होती. वेळ सांगणारे सर्व्हर. कुणीही विचारावं, ते सांगतात, आभारसुद्धा मागत नाहीत. मला इतकं नवल वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, हा फोन लावणारा प्रोग्राम मीच लिहिते. प्रोग्रामिंग मला येत होतं ते जेमतेम. रेकॉर्ड रूमसाठी याद्या करायला एक लहानसा प्रोग्राम मी पूर्वी पुस्तकात बघून बघून लिहिला होता. खिडकी काढता यायची, तिच्यावर बटण ठेवता यायचं. पण बटण दाबल्यावर घराबाहेर जाऊन कुणाशी बोलायचं, हे आपल्याला कुठलं माहीत?

मग दर रविवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरायला लागली. मी लॅपटॉपसमोर आणि बाबा शेजारी डोळे मिटून. पडद्यावर काय आलं ते मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकून निदान करायचं.

पहिल्या रविवारी मी सर्व्हरचा पत्ता लिहिला आणि बटण दाबलं. चूक. पुन्हा दाबलं. चूक.

"काय म्हणतंय?"

"जोडणी नाकारली म्हणतंय. मेलं मला नाकारतंय!"

"अगं, मग आनंद मान. नाकारली म्हणजे तिथे कुणीतरी आहे. तू इमारतीपर्यंत पोचलीस, दार चुकलीस. इमारतीत खोल्या असतात, प्रत्येकीचा नंबर वेगळा. ही बाई कुठल्या खोलीत बसते?"

शोधलं. त्या खोलीला पोर्ट म्हणतात आणि या बाईचा नंबर तेरा. मी तेरा लिहिलं. यावेळी नाकारलं नाही. नाकारलं नाही आणि दुसरंही काही केलं नाही. माझी खिडकी पांढरी पडली, बटण दबेना, बंद होईना. मी टेबलावर हात आपटला तशी चमच्यांनी उडी मारली.

"तू फोन कानाला लावून बसली आहेस," बाबा म्हणाले. "समोरून हूं नाही की चूं नाही, तरी ठेवायला तयार नाहीस. आणि कान तिकडे म्हणून घरात कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीस. किती वेळ वाट बघायची ते आधी ठरवून ठेव, आणि वाट बघायचं काम दुसऱ्या माणसाला दे."

हा दुसरा माणूस कसा नेमायचा, हे शिकण्यात तीन रविवार गेले. म्हणजे प्रोग्रामच्या पोटातच एक वेगळी धाव सुरू करायची. ती बाहेर वाट बघत उभी राहते आणि खिडकी आपली मोकळी. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर फोन ठेवून द्यायचा. लिहिताना तीनदा रडकुंडीला आले आणि एकदा पुस्तक भिंतीवर फेकलं. बाबांनी विचारलं, "भिंतीनं काय उत्तर दिलं?" मी त्यांच्याशी तासभर बोलले नाही.

आणि मग चौथ्या रविवारी, दुसरा सर्व्हर धरल्यावर, त्या कोऱ्या चौकटीत एक ओळ उमटली. आजची तारीख, पुढे तास, मिनिटं, सेकंद. कुठल्या तरी खोलीतल्या, कधी न पाहिलेल्या यंत्रानं माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं! मी अशी ओरडले की बाबांनी आधी गॅस बंद करायला सांगितला. त्यांना वाटलं, काहीतरी पेटलं.

लगेच त्या वेळेवर लॅपटॉपचं घड्याळ लावलं आणि घड्याळ पहाटेत जाऊन बसलं. बाहेर लख्ख ऊन, आणि पडद्यावर पहाट. सकाळी एकदा वाजून गेलेला गजर पुन्हा वाजायला लागला. ती बाई सगळ्या जगाला एकच वेळ सांगते, आपापल्या गावचा फरक आपणच मिळवायचा असतो, हे तेव्हा कळलं. बाबा पोट धरून हसले.

पण मला या कामाचा खरा नाद लागला तो बाबांच्या एका प्रश्नामुळे. म्हणाले, "ती बाई वेळ सांगते तेव्हा ती ताजी असते. तुझ्यापर्यंत येईस्तोवर शिळी होते. किती शिळी?"

मी विचारात पडले. विचारलं कधी आणि उत्तर मिळालं कधी हे माझ्याच घड्याळावर मोजता येतं. जाण्यायेण्याचा एकूण वेळ मिळाला. त्याचा निम्मा येण्याचा.

"निम्मा का? जायची वाट मोकळी असेल आणि यायच्या वाटेवर गर्दी असेल तर?"

त्या प्रश्नानं माझा आठवडा खाल्ला. फायली लावताना, भाजी चिरताना, डोक्यात तेच. शेवटी सुचलं. एकदाच विचारून थांबायचं नाही, दहा वेळा विचारायचं आणि जो फेरा सगळ्यांत झटपट झाला तोच खरा धरायचा. जो वाटेत कमीत कमी रेंगाळला, त्याला चुकायला जागाच कमी. बाबांना सांगितलं तर त्यांनी डोळे उघडले. "हे तुझं तुला सुचलं?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत या घरात माझ्या कशालाच कुणी एवढं मानलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला फार बरं वाटलं.

प्रोग्राम झाला. इवलासा. एक बटण, "घड्याळ लाव". दाबलं की वेळ विचारायचा, घड्याळ लावायचा आणि म्हणायचा, "झालं". मी कॉम्प्युटरवाल्याला दाखवला. त्याला आवडला. लेखी परवानगी मागितली तर म्हणाला, "अर्ज वरती गेला की वर्ष जाईल. तुम्ही लावून टाका, मी काही बघितलं नाही." शनिवारी दुपारी मी चारही जुन्या मशिनांवरून फिरले. भरतीच्या खिडकीवर, औषधांच्या खिडकीत, माझ्या रेकॉर्ड रूममध्ये आणि वॉर्ड तीनमध्ये. चार वेळा बटण, चार वेळा झालं. शिट्टी वाजवत घरी आले.

आता वॉर्ड तीनमध्ये माझी नणंद स्टाफ नर्स. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मान म्हणून मी वन्सं म्हणते आणि त्या वहिनी म्हणतात. दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो आणि एकमेकींचं काहीही ऐकत नाही. दोन गल्ल्या सोडून राहतात. लग्नाला आठवडा झाला नाही तोच त्यांनी माझी भांड्यांची फळी लावून दिली होती, तेव्हापासून आमचं विळ्याभोपळ्याचं. पण कामाला बाई वाघीण. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही.

मंगळवारी दुपारी त्या रेकॉर्ड रूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंडचं पाणी पळालेलं.

"वहिनी, मला घरी बसवलंय."

आदल्या गुरुवारी एका म्हाताऱ्या पेशंटला धाप लागली होती. इंजेक्शन दिलं, धाप थांबली, पण रक्तदाब एकदम खाली गेला. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून तो वाचला. त्याच्या मुलीनं फाइलची नक्कल घेतली, बारकाईनं वाचली आणि तक्रार केली. डॉक्टरांच्या खोलीतल्या मशिनवर इंजेक्शनचा आदेश लिहिलेला होता चार बावीसला. वॉर्डाच्या मशिनवर इंजेक्शन दिल्याची नोंद चार तेराला. नऊ मिनिटं आधी. डॉक्टर तेव्हा वरच्या मजल्यावर थिएटरमध्ये. चार सोळाला बाहेर पडल्याची तिथली नोंद. म्हणजे नर्सनं डॉक्टर नसताना, आपल्या मनानं, जहाल औषध टोचलं.

"मी आदेश पडद्यावर वाचला आणि मग दिलं," वन्सं म्हणाल्या. "सोमवारी चौकशी आहे. दोषी ठरले तर नोकरी जाईल आणि नर्सचं नोंदणीपत्रसुद्धा. मग कुठेच नाही काम करता येणार."

"अहो, मग घड्याळ चुकलं असेल! वॉर्डातलं घड्याळ मागे असणार."

"मीही तेच म्हटलं. समितीनं आज सकाळी येऊन तपासलं. वॉर्डाचं मशिन आणि डॉक्टरांचं मशिन सेकंदाला सेकंद जुळतं."

जुळणारच होतं. मीच जुळवलं होतं. किती मागे होतं ते माझ्या प्रोग्रामनं पाहिलं, दुरुस्त केलं आणि विसरून गेला, कारण लक्षात ठेवायला मी सांगितलंच नव्हतं. करायला गेले काय आणि करून बसले काय! वन्संना तिथेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कॉम्प्युटरवाल्याकडे धावले. मशिन स्वतःची एक डायरी ठेवतं म्हणे, घड्याळ कधी बदललं त्याची. त्यानं उघडली. जुन्या मशिनची डायरी एवढीशी. भरली की जुनं पुसून नवं लिहायचं. शनिवार पुसला गेला होता.

घरी बाबांना सांगितलं. त्यांची मुलगी ती. ते म्हणाले, "दुरुस्त करण्याआधी किती चुकलंय ते लिहून ठेवायचं असतं. आमच्याकडे नव्या माणसाला आधी तेच शिकवायचे."

"मग मला नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, तू रेकॉर्ड रूममध्ये काम करतेस."

लागलं मला ते. जिव्हारी लागलं.

बुधवारी सकाळी अधीक्षकांच्या खोलीत जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे घड्याळ मागे होतं असं तुमचं म्हणणं. तुम्ही त्यांच्या वहिनी. बरं, किती मागे होतं?"

"ते माहीत नाही."

"मग हे मी समितीला काय म्हणून सांगू?" ते म्हणाले. वर, परवानगीशिवाय मशिनला हात लावल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र मला संध्याकाळच्या आत मिळालं. आगीतून फुफाट्यात.

सोमवारपर्यंत मला एक आकडा हवा होता. शनिवारच्या आधी वॉर्ड तीनचं घड्याळ किती मागे होतं, तेवढाच. आणि घड्याळ तर मी स्वतःच्या हातानं पुसून ठेवलेलं.

गुरुवारी वॉर्ड तीनच्या फायली पुढ्यात घेऊन नुसती चाळत बसले होते. एका पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट लॅबनं अकरा चाळीसला पाठवला होता आणि वॉर्डानं तो अकरा तेहतीसला उघडून वाचला होता. मी ओळ पुन्हा वाचली. पाठवायच्या आधी सात मिनिटं वाचला! कुणी का असेना, न आलेला रिपोर्ट वाचू शकत नाही. म्हणजे वॉर्डाचं घड्याळ सात मिनिटं तरी मागे होतंच. रिपोर्ट आल्याआल्या उघडला असेल तर सात, उशिरा उघडला असेल तर जास्तच.

अहो, हा तर माझाच प्रोग्राम! वॉर्डातून रक्ताची नळी निघते, तिच्यावर वॉर्डाच्या घड्याळाचा शिक्का. लॅबमध्ये पोचते, लॅबच्या घड्याळाचा शिक्का. रिपोर्ट निघतो, लॅबचा शिक्का. वॉर्डात उघडतो, पुन्हा वॉर्डाचा. विचारणं आणि उत्तर, जाणं आणि येणं. लॅबचं मशिन नवं, त्याची वेळ खरी, डॉक्टरांच्या मशिनशी जुळणारी; त्या दोघांना मी हात लावला नव्हता. यंत्रांऐवजी वॉर्डातले वॉर्डबॉय मामा नळ्या घेऊन जिने चढत होते, एवढाच काय तो फरक.

त्या आठवड्यात वॉर्ड तीनमधून लॅबला त्रेसष्ट नळ्या गेल्या होत्या. सगळ्या मांडल्या, सेकंदांसकट. बहुतेक कामाच्या नव्हत्या. कुणी नळी घेऊन चहाला थांबलेलं, कुणी रिपोर्ट तासानं उघडलेला. मला हवे होते झटपट फेरे. येणाऱ्या रिपोर्टांत सगळ्यांत झटपट तो सात मिनिटांचाच निघाला. जाणाऱ्या नळ्यांत एक सापडली, तातडीची, लाल चिठ्ठीची. वॉर्डात रक्त काढलं नऊ दहाला, लॅबला मिळालं नऊ अठराला. नळी पोचायच्या आधी रक्त काढलेलं असणार, म्हणजे घड्याळ आठ मिनिटांहून जास्त मागे असूच शकत नाही. मामांना जाऊन विचारलंसुद्धा. म्हणाले, "ती होय? लिफ्ट उघडीच होती, धावत गेलो."

कमीत कमी सात, जास्तीत जास्त आठ. मी पेन खाली ठेवलं. इतका नेमका आकडा, तो पुसलेल्या घड्याळाचा, नुसत्या फायलींतून! बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पुन्हा सांग," आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा म्हणाले, "पुन्हा सांग."

मग मी वजाबाकी केली. आणि हसू जागच्या जागी विरलं.

चार तेरामध्ये सात मिळवले तर चार वीस. आठ मिळवले तर चार एकवीस. आदेश चार बावीसचा. वन्संनी इंजेक्शन आदेशाच्या आधीच दिलं होतं. नऊ मिनिटं नाही, पण एक-दोन मिनिटं आधी. "मी पडद्यावर वाचला आणि मग दिलं," हे खोटं होतं.

तीनदा तपासलं. आकडा हलेना. खरं सांगते, एक क्षण मनात आलं, ती लाल चिठ्ठीची नळी यादीतून काढून टाकावी. कुणाला कळणार होतं? पुढची झटपट नळी बारा मिनिटांची होती. सात ते बारा म्हटलं की नऊ त्यात आरामात बसत होते. वन्सं सुटल्या असत्या. पण मग मामा उगाच धावले असं झालं असतं.

शनिवारी दुपारी वन्संकडे गेले. बाबाही आले, काठी टेकत. मी कागद टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितलं. वन्संना आकडे कळायला वेळ लागला नाही. त्या उठून भांडी घासायला लागल्या, घासलेलीच.

"वहिनी, तू माझ्या बाजूनं आहेस की घड्याळाच्या?" पाठमोऱ्या राहूनच त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाल्या.

"काय झालं होतं ते सांगा," मी म्हटलं.

नळ बंद झाला. "डॉक्टर थिएटरमधून थेट बेडपाशी आले. म्हातारा निळा पडत होता. डॉक्टर म्हणाले, द्या, मी जाऊन लिहितो. मी दिलं. ते खोलीत गेले आणि लिहिलं. रोज असंच चालतं. सगळ्या वॉर्डांत असंच चालतं."

"लेखी नसताना कशाला द्यायचं? नियम माहीत आहे ना?"

"तू लेखी घेतलं होतंस, मशिनांना हात लावताना?"

मी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"मग खोटं का बोललीस?" बाबांनी विचारलं. आवाज हलका होता त्यांचा.

वन्संनी ओल्या हातानंच डोळे पुसले. "काय सांगायचं होतं बाबा? कागद म्हणतो नऊ मिनिटं आधी. नऊ मिनिटं आधी डॉक्टर वर होते, लेखी पुरावा आहे. त्यांनी तोंडी सांगितलं म्हटलं असतं, तर कुणी ऐकलं असतं माझं? आणि डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, आठवत नाही. खरं सांगायला जागाच नव्हती, म्हणून ज्याला जागा होती ते सांगितलं."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ मिनिटांत त्यांचं खरं बसत नव्हतं. एक-दोन मिनिटांत नेमकं बसत होतं. थिएटरमधून चार सोळाला निघालेला माणूस चार वीसला बेडपाशी, आणि बेडपासून खोलीत जाऊन लिहायला मिनिटभर. मी हे सांगितलं तेव्हा वन्संनी कागद जवळ ओढला.

"म्हणजे मी खोटी होते हे यातून कळेल," त्या म्हणाल्या.

"हो. आणि त्या दिवशी काय झालं तेही."

"नोकरी जाईल तरी."

"जाईल किंवा राहील," बाबा म्हणाले. "ते घड्याळात नाही."

सोमवारी अधीक्षक, मेट्रन आणि बाहेरचे एक डॉक्टर अशी समिती बसली. मी कागद वाचला. मामांची लाल चिठ्ठी, अकरा चाळीसचा रिपोर्ट, सगळं. अधीक्षकांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तरीही आदेशाच्या आधीच," ते म्हणाले.

वन्सं उठल्या. "हो, आधीच. मी आधी खोटं सांगितलं होतं. डॉक्टर बेडपाशी आले, द्या म्हणाले, मी दिलं. तोंडी आदेशावर द्यायचं नाही हे मला माहीत होतं."

तो तरुण डॉक्टर भिंतीला लागून बसला होता. नोकरीवर अजून कायम झालेला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक. अधीक्षकांनी विचारलं, "डॉक्टर, चार वीसला तुम्ही कुठे होता?"

त्यानं माझा कागद मागून घेतला आणि चार वीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बेडपाशी," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, द्या. नंतर घाबरलो."

नर्सला ताकीद, डॉक्टरला ताकीद, मला ताकीद. लिफाफ्यांच्या एकाच गठ्ठ्यातून तिघांना पत्रं. नोकरी कुणाची गेली नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, वन्सं आता रडतील किंवा मला मिठी तरी मारतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. बाकावर पेशंटची मुलगी निकालाची वाट बघत बसली होती. त्या सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दोन पावलं मागे.

"तुमच्या वडिलांना इंजेक्शन मी दिलं," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर तोंडानं म्हणाले, म्हणून दिलं. लिहायच्या आधी. चौकशीत मी आधी खोटं सांगितलं, आता खरं सांगून आले. ते तुम्हाला माझ्याकडून कळावं."

मुलीनं वर पाहिलं. "लिहायच्या आधी म्हणजे किती?"

"एक-दोन मिनिटं."

"आणि तेव्हा त्यांना श्वास येत नव्हता."

"नव्हता."

"मग तुम्ही ती दोन मिनिटं थांबला असतात तर?"

वन्संनी हातातला ताकीदीचा लिफाफा दुमडला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी थांबले नाही, म्हणून माहीत नाही."

मुलीनं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा," ती म्हणाली.